रंगवलेल्या चिपा

लाँड्रीवाल्यानं खेळाच्या मशीनमधला तो बोर्ड टेबलावर आपटला असता तर कातरताईला बरं वाटलं असतं. आपटणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. पण त्यानं तो हळूच ठेवला, आजारी माणसाच्या उशाशी फळं ठेवावीत तसा, आणि वर कसनुसं हसला.

"परत?" ताईनं विचारलं.

"परत," तो म्हणाला. "सकाळी छान चालतं. इस्त्र्या तापल्या, दुकानात गर्दी झाली, की खारीच्या धडावर घुबडाचं डोकं. मग झाडाच्या फांद्या गायब, नुसती अक्षरं आणि आकडे. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, हा खेळ आहे की डोळे तपासायचा तक्ता?"

"ठेवून जा. बघते."

तो गेला नाही. दारातल्या दारात घुटमळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका. वयोमानानं होतंच. तुमचे दादा म्हणालेच मला, तिची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, हातही जरा थरथरतो, पण तिला सांगणार कोण? माझी आईसुद्धा शेवटी शेवटी साखर समजून चहात मीठ घालायची."

ताईच्या हातात सोल्डर वितळवायची तापलेली कांडी होती. ती तिनं स्टँडमध्ये नीट खोचली. नीट खोचली, कारण नाहीतर फेकली असती.

"हे दादा तुम्हाला कधी म्हणाला?"

"मागच्या खेपेला. त्याच्या आधीही एकदा."

"आणखी कुणाकुणाला म्हणालाय?"

आपण भलत्याच ठिकाणी पाय ठेवला हे लाँड्रीवाल्याला तेव्हा कळलं. "इस्त्री चालू ठेवून आलोय," असं पुटपुटत तो जिना उतरून गेला.

कातरताई हे काही तिचं नाव नव्हे. जुन्या खेळांच्या मशीनमधले बोर्ड दुरुस्त करणं हे तिचं काम. मशीन म्हणजे माणसाएवढं लाकडी कपाट. समोर पडदा, खाली दांडी आणि बटणं, आणि पोटात हा हिरवा बोर्ड. बोर्डवर चिपांच्या ओळी. खराब झालेली चिप काढायची तर बाकीचे लोक ती गरम करून ओढतात आणि खालच्या तांब्याच्या रेघाही उपटून काढतात. ताई तसं करत नसे. ती बारीक कातर घेऊन चिपेचा एकेक पाय कापायची, धड बाजूला काढायची आणि मग उरलेले पाय एकेक करून उपसायची. बोर्डला ओरखडा नाही. तिची जीभही त्याच पद्धतीनं चालायची, म्हणून हे नाव पडलं. समोर सगळे ताई म्हणत, पाठीमागे कातरताई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

वडिलांचं गेम पार्लर होतं तेव्हापासूनचं हे वेड. मशीन बंद पडलं की बाहेरगावाहून एक मेकॅनिक यायचा आणि ही मागे उभी राहिली की हाकलायचा. म्हणे, पोरीची वेणी वायरीत अडकेल. हिनं वेणी कापून टाकली आणि पुन्हा येऊन उभी राहिली. पुढे लग्न झालं, ते टिकलं नाही. ती परत आली तेव्हा वडील थकले होते, पार्लरला उतरती कळा लागली होती, पण मशीन होती आणि ती सारखी बिघडत होती. ती कामाला लागली. रडायला वेळ मिळाला नाही, असं ती स्वतःच सांगायची.

वडील गेल्यावर पार्लर बंद झालं. तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, जुनी मशीन विकत घ्यायचा, चकाचक करायचा आणि हौशी लोकांना विकायचा. तळमजल्यावर त्याचं दुकान. शेजारच्या खोलीत वहिनीचं ब्युटी पार्लर. त्या घराच्या नशिबी पार्लर हा शब्दच लिहिलेला. आणि वरच्या मजल्यावर ताईची कामाची खोली, तिच्या मागे राहायची खोली. लागणाऱ्या चिपाही दादाच आणून द्यायचा. तोंड दादाचं, हात ताईचे, असा तो धंदा. दादा गोड माणूस. त्याच्या दुकानातून रिकाम्या हातानं गेलेला माणूससुद्धा खुशीत जायचा. बहिणीला तो लहानपणापासून 'चिमणे' म्हणायचा आणि तिची पन्नाशी उलटली तरी त्यानं ते सोडलं नव्हतं.

गेलं बरंचसं वर्ष वाईट गेलं होतं. दुरुस्त करून पाठवलेले बोर्ड परत येत होते. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. ताईच्या हातून गेलेला बोर्ड परत येणं म्हणजे गेलेलं माणूस परत येण्यासारखं, असं लोक थट्टेनं म्हणायचे. आता एक आला, दुसरा आला, मग जो तो येऊ लागला. तक्रार एकच: थोडा वेळ चालतो, मग चित्रं विस्कटतात.

ताईनं प्रत्येक बोर्ड टेबलावर घेऊन पुन्हा तपासला. टेबलावर तो बिनतक्रार चालायचा. तरी ती भिंग लावून आपलेच सगळे टाके बघायची. कुठे सोल्डर कमी पडलं का, कुठे दोन पाय एकमेकांना चिकटले का. न सापडलेली चूकही तिनं पुन्हा सोल्डर करून दुरुस्त केली.

तेव्हाच दादा एकदा जिना चढून वर आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "चिमणे, जरा सबुरीनं घे. डोळे दाखवून ये ना एकदा. आणि हात बघ, थरथरतोय."

तिनं हात बघितला. तेव्हा तो खरंच थरथरला. कुणी तुमच्या हाताकडे टक लावून बघत 'थरथरतोय' म्हटलं की कुणाचाही थरथरेल.

मग ती वहिनीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, जवळचा नंबर किंचित वाढलाय, बाकी उत्तम. तिनं चष्मा बदलला, पण डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. डॉक्टर परका, दादा घरचा. तिनं चहा सोडला. टेबलावर दुसरा दिवा लावला. रोज सकाळी उठल्यावर दोन्ही हात समोर धरून बघायची सवय लागली. जिना उतरताना वहिनी तिचा दंड धरायला लागली, आणि तिनं तो धरू दिला. दादानं तर पहिला बोर्ड परत आला तेव्हाच मायेनं एक मोठा पंखाही आणून दिला होता, टेबलाच्या अगदी समोर बसवला होता. "घामानं हात निसटत असेल," म्हणाला.

लाँड्रीवाला गेल्यावर ताई हे सगळं आठवत उभी राहिली आणि तिच्या पायापासून डोक्यापर्यंत संताप चढत गेला. दादानं तिला तोंडावर सांगितलं होतं, ते ठीक. भाऊ आहे, काळजीनं बोलला असेल. पण गिऱ्हाइकांना? आपल्या पाठीमागे, गावभर? तिच्या नजरेबद्दल लाँड्रीवाल्याला ठाऊक, म्हणजे पानवाल्याला ठाऊक, म्हणजे कुत्र्यामांजरांनाही ठाऊक. आणि ती मात्र इतके दिवस मान खाली घालून आपलेच टाके मोजत होती!

तिनं बोर्ड चाचणीच्या पडद्याला जोडला आणि वीज दिली. खार झाडावर चढली, अक्रोड गोळा करू लागली. सगळं छान. समोरून पंख्याचा वारा भणभणत होता, तिचे केस डोळ्यांवर उडवत होता.

"आणि हा एक मेला पंखा!" ती ओरडली. दादाची माया. तिनं पंख्याची वायर हिसडली, प्लग निघाला, भिंतीवरचा पोपडाही निघाला. खोली एकदम शांत झाली. ती खुर्चीवर बसली आणि कपाळ हातात धरून नुसती धुमसत राहिली.

मान वर केली तेव्हा खारीच्या धडावर घुबडाचं डोकं होतं.

ती हलली नाही. बघत राहिली. एक फांदी गेली, तिथे आकडे आले. मग झाडाचा बुंधा गेला. तिच्या टेबलावर हा बोर्ड असा कधीच वागला नव्हता. आज काय वेगळं? आज पंखा बंद होता.

थंड असला की चालतो, तापला की बिघडतो. लाँड्रीत वाफ, भट्टीसारखी खोली. इथे समोर पंखा. तो बोर्ड तिच्यासमोर कधी तापलाच नव्हता.

तिनं खाली जाऊन वहिनीकडे केस वाळवायचं यंत्र मागितलं. वहिनी एका बाईच्या डोक्याला रंग लावत होती.

"केस धुतलेस?" तिनं विचारलं.

"बोर्डचे वाळवायचेत," ताई म्हणाली, आणि आवाज असा होता की वहिनी रंगाची वाटी तशीच ठेवून मागोमाग वर आली.

ताईनं एका पुठ्ठ्याला चिपेएवढं भोक पाडलं. पंखा लावून बोर्ड पुन्हा थंड होऊ दिला आणि मग पुठ्ठा एकेका चिपेवर धरून त्या भोकातून गरम हवा सोडत गेली. मोठी चिप तापवली, काही झालं नाही. शेजारच्या तापवल्या, काही नाही. मग ती त्या दोन चिपांवर आली ज्या तिनं स्वतः गेल्या खेपेला नव्या बसवल्या होत्या. पडद्यावर कुठलं चित्र कुठे दाखवायचं ते या चिपा लक्षात ठेवतात. हवा लागली आणि खारीचं डोकं गेलं.

"ह्या तर नव्या आहेत," ताई म्हणाली. "म्हणून मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. बाकी सगळ्यावर संशय घेतला. स्वतःवर घेतला, ह्यांच्यावर नाही."

तिनं त्या दोन्ही उपसून काढल्या. एका मेलेल्या बोर्डवरच्या, वडिलांच्या वेळच्या, दोन चिपा काढल्या आणि त्यांच्या जागी बसवल्या. तापवलं. आणखी तापवलं. पुठ्ठा करपल्याचा वास सुटला, तरी खार आपली अक्रोड गोळा करतेच आहे.

मग ड्रॉवरमधल्या त्याच पाकिटातली तिसरी नवी चिप बसवली. तापवल्याबरोबर घुबड हजर.

ताईनं ती चिप दिव्याखाली धरली. वरची अक्षरं पांढरी, ठसठशीत, अगदी नवी कोरी. जरा जास्तच कोरी. इतक्या वर्षांपूर्वी बनायच्या बंद झालेल्या चिपेवर इतकी ताजी छपाई कुठून आली?

"वहिनी, नखांचा रंग काढायची बाटली आहे ना तुझ्याकडे?"

वहिनीनं बाटली आणि कापूस आणला. ताईनं कापूस भिजवून चिपेच्या पाठीवरून एकदा फिरवला. पांढरी अक्षरं पुसली गेली. दुसऱ्यांदा फिरवला. कापूस काळा झाला. काळ्या रंगाच्या खाली करडी पाठ निघाली, घासलेली, आणि त्या घासलेल्या पाठीवर पुसट असा दुसराच आकडा. त्याच जातीची चिप, पण मंद. तिला हाक मारली की 'ओ' द्यायला उशीर करणारी. गार असताना कशीबशी वेळ गाठायची, तापली की गाठायची नाही, आणि मग पडदा भलतंच चित्र दाखवायचा.

"अगं बाई!" वहिनी म्हणाली. "आम्ही निदान माणसांना विचारून तरी रंगवतो."

एरवी ताई हसली असती. तिनं चिपांची पाकिटं मुठीत घेतली आणि जिना उतरली. दंड धरायला वहिनीचा हात सवयीनं पुढे झाला, तो तिनं झटकला.

खाली दादा एका जोडप्याला मशीन दाखवत होता. नवराबायको दोघं कॅफे काढणार होते आणि कोपऱ्यात एखादं जुनं मशीन हवं होतं. दादा कपाटाच्या लाकडावरून हात फिरवत होता, जसा काही तो घोडा होता.

"दादा, ह्या चिपा कुठून आणल्यास?"

"चिमणे, जरा पाहुणे आहेत गं…"

"गिऱ्हाईक आहेत. त्यांनाही ऐकू दे. कुठून आणल्यास?"

तिच्या तळहातावरची अर्धी पुसलेली चिप दादानं बघितली. त्याचा चेहरा क्षणभर रिकामा झाला आणि मग त्यावर दुःख आलं, अगदी व्यवस्थित. "अरे देवा! फसवलं की त्या व्यापाऱ्यानं! बघ, जगात कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही."

खरं सांगायचं तर ताईचा राग तिथेच दुसरीकडे वळला असता. व्यापारी चोर, भाऊ भोळा. हे मानायला सोपं होतं आणि तिला ते मानायचंही होतं. पण दादाला गप्प बसता येत नसे, हा त्याचा जन्माचा दोष. तो पुढे म्हणाला, "मलासुद्धा आधी खरं वाटलं नव्हतं."

"आधी म्हणजे कधी?"

दादा मशीनची दांडी पुसायला लागला.

"आधी म्हणजे कधी, दादा? मी तर हे आत्ता पुसलं."

दारात वहिनी उभी होती. तिच्या मागे डोक्याला रंग थापलेली, खांद्यावर टॉवेल घेतलेली ती गिऱ्हाईक बाईही येऊन उभी राहिली. कॅफेवाली जोडी मशीनकडे बघायचं सोडून दादाकडे बघत होती.

"पहिला बोर्ड परत आला तेव्हा," दादा शेवटी म्हणाला. "मी व्यापाऱ्याला गाठलं. तो म्हणाला, माल असाच असतो, जुन्या मशीनला चालून जातो, परत घेणार नाही. आता अख्खी पिशवी घेऊन ठेवली होती मी. टाकून देऊ का?"

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू एकही वापरली नसतीस."

"बरोबर. नसती वापरली. म्हणून माझे डोळे गेले असं सांगत फिरलास?"

"अगं, समजून घे जरा," दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पुन्हा तो मध आला. "दुकानाचा माल खोटा म्हटलं की दुकान बसतं. माणूस थकला म्हटलं की लोक उलट हळहळतात. तूच सांग, तुझ्यावर कुणी रागावलं? एक जण तरी? सगळे मायेनंच बोलले ना?"

हे तो मनापासून बोलला. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण बहिणीला फार स्वस्तात सोडवलं. ताईच्या ते लक्षात आलं आणि तिनं हातातली पाकिटं काउंटरवर आपटली.

"रागावले असते तर बरं झालं असतं! रागावलेल्या माणसाला मी म्हटलं असतं, चल, दाखव माझी चूक. कीव करणाऱ्याला काय म्हणू? खोटा माल माझ्या हातात दिलास आणि वर माझेच हात खोटे पाडलेस. रोज सकाळी उठून मी हात पुढे धरून बघते, थरथरतात का. चहा सोडला मी. चहा! डॉक्टर सांगतोय डोळे चांगले आहेत, तर मला वाटलं डॉक्टरच अडाणी. कारण माझा दादा कशाला खोटं सांगेल?"

"चिमणे…"

"चिमणे म्हणायचं नाही."

"बरं, नाही म्हणत. पण जरा हळू. लोक आहेत."

"पिशवी कुठाय?"

दादा काउंटर आवरायला लागला. पण त्याची नजर वरच्या फळीकडे गेली आणि वहिनीनं स्टूल ओढून, वर चढून, ती पिशवी काढली आणि नणंदेच्या हातात दिली.

ताईनं काउंटरवर पिशवी रिकामी केली. ॲप्रनच्या खिशातून कातर काढली, पहिली चिप उचलली आणि तिचे पाय कापायला लागली. एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे सगळे. धड एकीकडे टाकलं, दुसरी उचलली.

"अगं काय करतेस! त्यातल्या निम्म्या तरी चालतील!"

"म्हणूनच," ताई म्हणाली. "उद्या कुणाला तरी वाटेल, चालतील."

कातरीचा कट कट आवाज येत राहिला. पाय उडून फरशीवर पडत होते, काही कॅफेवालीच्या चपलेवर. एकही कट चुकला नाही, एकही पाय अर्धवट राहिला नाही. हात थरथरत नव्हता. दादा एकदा तिच्याकडे आणि एकदा गिऱ्हाइकांकडे बघत होता. ती जोडी काही न घेता गेली. जाताना नवरा म्हणाला, "आम्ही नंतर येतो," आणि बायको म्हणाली, "बघू." रंग लावलेल्या बाईला मात्र हलायचं नव्हतं. वहिनीनं तिला ओढत आत नेलं, नाहीतर तिचे केस जळाले असते.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः बोर्ड घेऊन लाँड्रीत गेली. कधी नव्हे ते. वाफेनं भरलेल्या त्या खोलीत तिनं मशीनची पाठ उघडली, बोर्ड बसवला, आणि लाँड्रीवाल्याला सगळी हकीकत सांगितली: चिपा खोट्या होत्या, दादाला ते माहीत होतं, चूक तिच्या नजरेची नव्हती.

"म्हणजे आता चालेल ना?" लाँड्रीवाल्यानं विचारलं.

"चालेल. पण मी काय सांगतेय ते कळलं का? माझे डोळे चांगले आहेत."

"हो हो, ताई. असणारच."

त्या 'असणारच'मध्ये तिला त्याच्या आईच्या चहातलं मीठ ऐकू आलं. एकदा पडलेली गोष्ट अशी सहज उचलता येत नाही. लोक मान डोलावतात आणि मनात आपलं ठेवतातच. ताईचा पारा पुन्हा चढला. तिनं काउंटरपलीकडच्या हँगरकडे बोट केलं.

"तो निळा शर्ट. वरून तिसऱ्या बटणाला काळा दोरा आहे, बाकीच्यांना निळा. कॉलरच्या टोकाला इस्त्रीचा पिवळा डाग पडलाय, तो तुम्ही घडीत लपवलाय. आणि पलीकडच्या कोटाच्या आतल्या पट्टीवर लिहिलंय 'फक्त कोरडी धुलाई', आणि तुम्ही तो पाण्यात घातलाय. अस्तर आटलंय. आणखी वाचू?"

लाँड्रीवाल्यानं कोट घाईनं मागे सरकवला. आणि मग पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं, जसा माणूस माणसाकडे बघतो तसा.

"दादांनी असं का केलं?" त्यानं विचारलं.

"त्यालाच विचारा. माझ्याबद्दल जे ऐकायचं ते त्याच्याकडूनच ऐकत होतात ना?"

लाँड्रीवाला ओशाळला. तिला एका बाकड्यावर बसायला सांगून त्यानं चहा मागवला. ताईनं तो प्यायला, आणि आणखी एक मागवायला लावला. इस्त्र्या तापल्या, गर्दी झाली, काचा वाफेनं आंधळ्या झाल्या, पण खारीचं डोकं खारीच्याच धडावर राहिलं.

घरात मात्र वादळ थांबलं नव्हतं, आणि आता ते वहिनीचं होतं. या दोघींचं कधी फारसं सूत नव्हतं. ताईला वहिनी नटवी वाटायची, वहिनीला ताई फटकळ. पण वहिनीला वाटत होतं की नवऱ्यानं तिलाही वापरलं. "मी हिला डॉक्टरकडे नेलं," ती दादाला म्हणाली. "जिना उतरताना हिचा दंड धरत होते. आणि तुम्ही बघत होतात! एकदासुद्धा तुम्हाला वाटलं नाही, की बास करा?" दादानं तिलाही समजावायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "ज्याला ज्याला तुम्ही सांगितलंत, त्याच्याकडे जाऊन खरं सांगा. तोवर माझ्याशी बोलू नका."

गोड माणसाला घरातला अबोला सोसत नाही. काही दिवस त्यानं काढले, मग निघाला. काहींच्या दारात गेला, काहींना फोन केला. सुरुवातीला 'मालात थोडी गडबड झाली होती' असं मोघम बोलायचा. वहिनी शेजारी बसून त्याला मधेच कोपरानं ढोसायची, मग पूर्ण बोलायचा. सगळ्यांना त्यानं सांगितलं असेल असं ताईला कधीच वाटलं नाही. आणि ज्याची त्याला भीती होती तेही झालंच: दोन मोठी हौशी गिऱ्हाइकं तुटली, कॅफेवाले परत आले नाहीत, दुकानाचा वेग मंदावला. ताईला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. तिनं आत डोकावून बघितलं, तर तिथे अजून रागच होता, ताजा.

ती दादाच्या दुकानातून वेगळी झाली. जिन्याच्या पायथ्याशी तिनं स्वतःची पाटी लावली, बाणासकट, म्हणजे दुकानात न शिरता लोक सरळ वर यावेत. येणाऱ्याच्या देखत ती प्रत्येक चिप पुसायची, तापवायची, आणि मगच बसवायची. काही जण कंटाळायचे. "कंटाळा आला तर खिडकीतून बाहेर बघा," ती म्हणायची. वहिनी दुपारी काम नसलं की वर येऊन बसायची आणि दोघी मिळून माणसांना नावं ठेवायच्या. त्यात दोघींची आवड जुळली.

मधे बराच काळ गेला. भाऊबहीण जिन्यात भेटत, जेवणाखाण्यापुरतं बोलत. आणि एका दुपारी दादा स्वतः बोर्ड घेऊन जिना चढून वर आला. आत एक गिऱ्हाईक होतं, तर तो बाहेर थांबला. आपली पाळी आल्यावर आत येऊन म्हणाला, "सुरूच होत नाही. टिक टिक करतो आणि परत पहिल्यापासून."

ताईनं बोर्ड घेतला. तपासला. दादा स्टुलावर बसून होता. तिनं एक चिप कापून काढली, खाली चिप खोचायचं सॉकेट बसवलं, दुसरी चिप पुसली, तापवली, बसवली. पडदा उजळला. आता तो तापेपर्यंत चालू ठेवणं भाग होतं, म्हणून दोघं पडद्याकडे बघत बसली. खेळाची जुनी धून वाजत राहिली.

"अजून राग आहे?" दादानं विचारलं.

"आहे."

"जाईल?"

"मला काय माहीत. बोलू नकोस, आवाज ऐकू दे. मधेच एक सूर खरखरतो की काय ते बघतेय."

सूर खरखरत नव्हता. तिनं वीज बंद केली, बोर्ड निवू दिला, फोमच्या कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. तो काहीतरी बोलणार होता, पण तिनं पुढचा बोर्ड ओढला होता. तो जिना उतरायला लागला. चार पायऱ्या उतरला असेल नसेल, ताई ताडकन उठून दारात आली.

"अरे काखेत काय मारतोस! कपड्यांची घडी आहे का ती? आडवा धर! वाकला तर मी पुन्हा हात लावणार नाही, सांगून ठेवते!"

दादानं बोर्ड आडवा धरला. तो पार खाली पोचेपर्यंत ती वरून बघत, बडबडत उभी राहिली.